पाटलांच्या लेकीचं पिवळं पातळ

अब्बा, घरात आपण दखनी बोलायचो, पण शाळेत मी अक्षरं मराठी गिरवली, म्हणून मराठीत लिहितेय. तुम्हाला कुठलंच वाचता येत नव्हतं, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

खर्डा गावातलं आपलं अंगण डोळ्यांसमोर आहे. चुलाणावर रंगाचं मोठं पातेलं, दोरीवर गावाची लुगडी नि पागोटी, आणि मधे मी, कोपरापर्यंत रंगलेली. डाळिंबाच्या साली, पळसाची फुलं, गंजके खिळे, जे हाती लागेल ते मी वाटीत भिजवायची आणि त्यात चिंध्या बुडवायची. एकदा अम्मीची पांढरी कोंबडीच पळसाच्या पाण्यात बुचकळून काढली. ती आठवडाभर केशरी होऊन गावभर मिरवत होती. लोक हसून बेजार झाले, अम्मी मात्र रडकुंडीला आली. असल्या हातांची सून कोण करून घेईल, म्हणायची. तुम्ही एवढंच विचारायचात, हा खेळ पोटाला घालणार आहे का? आणि मला मोठ्या पातेल्याजवळ फिरकू द्यायचा नाहीत. मला तर जगात तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. विलायती रंगाच्या पुड्या बाजारात मिळेनाशा झाल्या आणि तुम्ही पुन्हा हळदी-पळसाकडे वळलात. त्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीच्या पाटलांनी लेकीच्या लग्नाचं पातळ पिवळं करायला दिलं. तुम्ही ते हळदीच्या पाण्यातून काठीनं वर काढता आणि तुमचा चेहराच उतरतो. पातळ तांबडंलाल! नेमके तेव्हाच पाटील दारात.

"भाई, लगीन परवा हाय. पिवळं करायला दिल्तं न्हवं? आता मांडवात काय सांगू?"

तुम्ही अम्मीवर कडाडलात, राखेनं घासलेलं पातेलं नीट विसळलं नाही म्हणून. मला राहवेना. मी ओरडले, "लिंबू पिळा! परत पिवळं होतंय!"

तुम्ही डोळे वटारलेत. पाटील म्हणाले, "पोर काय म्हनती ते बगा तरी. आता आनखी काय बिघडायचं ऱ्हायलंय?"

तुम्ही पातळाचा एक कोपरा लिंबाच्या पाण्यात बुडवलात. आम्ही सगळे वाकून बघतोय. लाल ओसरतं आणि पिवळंधम्मक वर येतं. पाटील तर टाळी वाजवून हसले. तुम्ही हसला नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिलात.

"तुला कसं ठाऊक?"

"खेळताना कळलं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही तांब्याची छोटी डेगची आणून माझ्या हातात ठेवलीत. "कोंबड्या सोडून बाकी सगळं रंगव," म्हणालात. मी ती उशाशी घेऊन झोपले. एवढा आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही, आणि लग्न काही वाईट नव्हतं.

त्या खेळानंच पोटाला घातलं, अब्बा. नगरच्या एका हातमाग केंद्रात मी तीस वर्षं मुलींना रंगकाम शिकवलं. कामाला निघताना कधी पाय जड झाले नाहीत. बाकीचे घड्याळाकडे बघायचे, मी पातेल्यात. पगार हाती आला की उगीच चोरट्यासारखं वाटायचं, हे लोक मला खेळायचे पैसे देतात की काय? सून करून घेणारेही भेटले. सासूबाईंनी तर पहिल्याच आठवड्यात आपली ओढणी रंगवायला दिली. नवी मुलगी आली की तिला पहिल्या दिवशी मी हळद, चुना आणि लिंबू एवढंच द्यायची आणि तिचं तोंड बघत बसायची.

एक सांगायचं राहिलं. अम्मीनं पातेलं लख्ख विसळलं होतं. तिच्या पानदानातला चुना मीच त्यात टाकला होता. वाटीत चुन्यानं हळद लाल व्हायची, ती एवढ्या मोठ्या पातेल्यात होते का, ते मला बघायचं होतं. संध्याकाळी अम्मीनं पानदान उघडलं. खरवडलेली चुन्याची डबी पाहिली, माझी बोटं पाहिली, आणि हसू दाबत झाकण लावलं. तुमची बोलणी खाऊनही ती जन्मभर त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, तेच बरं. नाहीतर तुम्ही डेगची परत मागाल.