जावईबापूंच्या तोंडावरचा बोका

यावल

सौ. विहीणबाई सुनंदाबाईंना झुंबरबाईचा हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? इकडे सगळी खुशाली. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही (राग मानू नका, तुमचा आवाज गोड आहे), आणि मजकूर असा आहे की तुम्ही पाण्याचा तांब्या जवळ घेऊन, बसून वाचावा.

तुमचे चिरंजीव, आमचे जावईबापू भूपेंद्रराव, शुक्रवारी पोळ्याला आले. आले ते रूपाला न्यायलाच. रविवारी धुळ्याला तिची तलाठ्याची परीक्षा. वर्षभर दोन पोरं निजवून पोरीने अभ्यास केला, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, परीक्षा काय, पुन्हा निघतील. उद्या सकाळच्या गाडीने पारोळ्याला निघायचं, पिशवी भर. वर म्हणाले, हा आईचाच निरोप आहे. मला काही ते पटलं नाही हो. आपलं शिक्षण सातवीतच सुटलं म्हणून तुम्ही माझ्यासमोर डोळे पुसलेले आहेत. रूपाने पिशवी काढली. आम्ही मुलीकडचे, काय बोलणार? मी पुरणपोळ्या केल्या.

जावईबापूंनी नऊ खाल्ल्या (मोजल्या नाहीत, नजर गेली) आणि ओसरीवरच्या खाटेवर घोरायला लागले. शेजारी बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगाचे डबे उघडेच पडलेले. आमची धाकटी कामिनी बारावीला आहे, पण अक्कल अजून पहिलीत. मेहुणीने थट्टा करावी, पण शिंगांच्या रंगाने? शेंदरी तोंड, काळं नाक, गालांवर तीन-तीन मिश्या आणि हनुवटीवर तोंडातून लोंबणारी माशाची शेपटी. खोटं कशाला बोलू, बोका हुबेहूब उतरला होता.

जावईबापू उठले ते थेट पोळ्याच्या मिरवणुकीत. आमच्या ढवळ्याचा कासरा धरायचा मान त्यांचा. सगळे बघतात ते जावई म्हणूनच, असं समजून त्यांनी वेशीपर्यंत डावीउजवीकडे नमस्कार घातले. मग कोणाच्या तरी मोटारसायकलच्या आरशात नजर गेली आणि ओरडले, “मना तोंडले काय व्हयनं?” ढवळ्यासुद्धा बुजला.

घरी येऊन साबण झाला, बेसन झालं, ताक झालं. कोणी म्हणालं खोबरेल तेल लावा, तर बाटली नेमकी सापडेना. शनिवारची गाडी गेली. बोक्याच्या तोंडाने पारोळ्याच्या स्टँडवर उतरणार नाही, असं ते ठाम म्हणाले. आम्ही आग्रह केला हो, पण जावयावर जबरदस्ती कशी करायची?

आता ते बसलेच आहेत म्हटल्यावर रूपा रविवारी तिच्या वडिलांबरोबर धुळ्याला जाऊन आली. पेपर चांगला गेला. दिवसभर दोन्ही पोरं बापाकडे. पोरं त्यांना सोडीनात, सारखी म्याव करा म्हणत होती, आणि संध्याकाळी त्यांनी केलं. विहीणबाई, मला तेव्हा त्यांची माया आली, खरंच सांगते.

सोमवारी रंग उतरला, मंगळवारी चौघं निघाले. कानामागे थोडा शेंदरी दिसला तर विषय काढू नये. कामिनीला मी चांगलं फैलावर घेतलं आहे. पोरीची चूक पदरात घ्यावी.

तुमची नम्र,
झुंबरबाई

ता. क. कामिनी त्या वेळी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात होती. माशाची शेपटी एवढी सुबक आमच्या घरात फक्त रूपा काढते.

ता. क. खोबरेलाची बाटली माझ्या उशाखाली होती. सोमवारी सापडली.

ता. क. विनंती एकच. रूपा पास झाली तर कागदपत्रं दाखवायला तिला पुन्हा धुळ्याला जावं लागेल. तेव्हा तुम्ही स्वतःच तिला घेऊन जा. तुम्हाला जमणार नसेल तर जावईबापूंना आधी दोन दिवस इकडे पाहुणचाराला पाठवा. डब्यात रंग उरलेला आहे.