बाईंच्या गोळ्या माझ्या ताब्यात

२२ जून १९५७, दवनीवाडा
गोंदियाहून परत. गाडीत अंग मोडून निघालं. माझ्या मोठ्या जाऊबाई, मी त्यांना नुसतं बाई म्हणते, सारा रस्ता पदर ओढून बसलेल्या. डॉ.नी त्यांच्या बोटाचा एकेक सांधा दाबून पाहिला तेव्हाही तोंडातून हूं की चूं नाही, फक्त पायाची बोटं आवळून धरलेली. सांधेवात आहे म्हणाले. मुळापासून जात नाही, दाबून ठेवता येतो. सूज उतरायच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. मग विचारलं, "घर में पढ़ना कौन जानता है?" मी सातवी पास. पदराआडून हात वर केला. पुढचं सगळं मलाच सांगितलं. गोळी जेवणावरच, उपाशीपोटी कधीच नाही. वर पेलाभर पाणी, दूध असेल तर दूध. सांगितल्यापेक्षा एकही जास्त नाही. सोबत दुसरं कुठलंच दुखण्याचं औषध नाही. कानात आवाज, पोटात आग, काळी शौच, यातलं काहीही झालं तर गोळी बंद आणि तडक इकडे.
बाई ऐकत होत्या. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात मीठसुद्धा मी त्यांच्या हातून घेते. आता त्यांची गोळी माझ्या हातून. त्यांना आवडलं नाही. मलाही कसंसंच.

२४ जून, सोमवार
बाईंचा उपास. सकाळीच हात पुढे. "दे."
म्हटलं, "बाई, उपाशीपोटी नाही."
"सोमवार मी लग्नाआधीपासून धरतो. तुझ्या डाक्तरसाठी सोडू?"
केळी आणि दूध समोर ठेवलं. उपासाला चालतं. बराच वेळ पाहिलंच नाही त्याकडे. मग तोंड फिरवून खाल्लं. गोळी दिली.

१ जुलै
सूज उतरली! मूठ वळते. आज पाट्यावर चटणी स्वतः वाटली, मला हात लावू दिला नाही. चटणीत मीठ जास्त. सगळ्यांनी संपवली. हे म्हणाले, "वहिनीचा चेहराच बदलला." खरंच. दुखणं चेहऱ्यावर किती बसलं होतं ते आता कळतं.

७ जुलै
धानाचा रोवणा सुरू. रोपांचे पऱ्हे उपटून झाले. आमच्या शेतातल्या बांधीत बायांच्या ओळीत पुढे नेहमी बाई असायच्या, त्यांच्या हातची ओळ दोरी लावल्यासारखी. मागच्या साली बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून नुसतं पाहिलं त्यांनी, आणि घरी येऊन भांडी आपटली. यंदा गेल्या. मी म्हटलं, गोळीनं दुखणं झाकलं आहे, गेलं नाही. म्हणाल्या, "झाकलं तं झाकलं. मले काम करू दे."
संध्याकाळी बोटं पुन्हा फुगलेली. "एक आणखी दे."
"नाही देत बाई."
"तुझ्या बापाच्या घरच्या आहेत काय?"
भासरे, म्हणजे बाईंचे मालक, ह्यांचे थोरले भाऊ, ओसरीवर. सगळं ऐकलं असणार. खोकले फक्त. त्यांच्यापुढे मी बोलत नाही. आजवर एक शब्द नाही, ही घराची रीत. त्यांना काही सांगायचं तर ह्यांच्यामार्फत, नाहीतर बाईंमार्फत.
मी आत येऊन रडले. उगाच.

११ जुलै, आखाडी
बाई आता जास्त मागत नाहीत. देते तेवढ्यावर समाधान. रोज पहाटे बांधीत, माझ्याआधी. कुरबुर नाही. हे म्हणतात, बघ, ऐकलं तुझं.
मग मला बरं का वाटत नाही?
जेवण कमी झालं आहे त्यांचं. ताट पुढे सारतात. "चिखलानं भूक मरते."

१५ जुलै
बाईंच्या कानात रातकिडा ओरडतो म्हणे. दिवसाही. ऐकूही कमी येतं, दोनदा हाक मारावी लागते.
म्हटलं, डॉ.नी कानाचं सांगितलं होतं. आज गोळी नाही, गोंदियाला जाऊ.
"आता किड्याचीबी चौकशी करून राहिली काय?"
ह्यांना सांगितलं. म्हणाले, रोवण्यात गाडी कुठून काढू, दोन-चार दिवस थांब. "तिले बरं वाटून राहिलं, तू काऊन मागं लागली?"
गोळी मात्र दिली नाही. बाटली पेटीत, किल्ली माझ्याकडे. बाई उठून चुलीकडे गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ जुलै
गाडी निघण्याआधी लिहिते. उद्याचं काय ते...
काल धुऱ्यावर बसल्या होत्या बाई. ओठ पांढरे. मी सरळ विचारलं, शौच काळी होते का. म्हणाल्या, "जांभळं खाल्ली." आमच्याकडची जांभळं केव्हाच संपली. आज सकाळी त्यांच्या मागून मुद्दाम घरामागच्या वाडीकडे गेले. पाहिलं. डांबरासारखं काळं, चिकट. तो वास. जांभळाचा नव्हे.
ओसरीवर आले. हे बांधीत गेलेले. भासरे एकटेच. पदर सरकला तो सरकू दिला. म्हटलं, "गाडी जुंपा. बाईंच्या पोटातून रक्त जाऊन राहिलं."
त्यांनी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला. उठले नाहीत. खाली पाहून म्हणाले, "पुड्या मी आणून देत होतो."
"कसल्या पुड्या?"
"दुकानातल्या. दुखण्याच्या. तू देत नव्हती... ती रडे. मले पाहवत नव्हतं."
बाई त्या पहाटे बांधीत जाताना घ्यायच्या. पाण्यासोबत. उपाशीपोटी.
मी काय बोलले आठवत नाही. मोठ्यानं बोलले एवढं खरं. त्यांनीच बैल सोडून आणले. उरलेल्या पुड्या मी घेतल्या.

१९ जुलै, गोंदिया
दवाखान्याचा व्हरांडा. रस्त्यात बाईंना उलटी झाली, चहाच्या चोथ्यासारखी. माझ्या मांडीवर डोकं. एवढ्या जड बाई, डोकं मात्र किती हलकं.
डॉ.नी पुडी उलगडली, बोटावर घेऊन पाहिली, वरचा कागद वाचला. "यही दवा तो इसमें भी है! गोली भी, पुड़िया भी, और खाली पेट!" मग भासऱ्यांकडे पाहून थांबले. त्यांचा चेहरा पाहून असेल.
म्हणजे मी मोजून देत होते, आणि तेच औषध दुसऱ्या दारानं आत येत होतं.
पोटात जखम झाली आहे. सलाईन लावलं. रक्त थांबलं नाही तर रेल्वेनं नागपूर. तिथवर टिकतील का?

२१ जुलै
रक्त थांबलं असं वाटतं, डॉ. म्हणाले. वाटतं. चमच्या-चमच्यानं थंड दूध आणि एक पांढरं पातळ औषध. बाई खडू खाल्ल्यासारखं तोंड करतात. तोंड करतात म्हणजे बरं आहे.
दुपारी भासरे माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "वाचेल काय?"
म्हटलं, माहीत नाही.
मग म्हणाले, "डाक्तरनं तुले काय काय सांगितलं होतं, ते मले सांग." सगळं सांगितलं. प्रत्येक गोष्ट ते हळू पुन्हा म्हणत. सोबत दुसरं औषध नाही, इथे आले आणि पुढे म्हणवेना. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी तिथून उठले.

३० जुलै, दवनीवाडा
घरी आणलं. रोवणा आमच्याशिवाय आटोपला. ओळी वाकड्या आहेत, बाईंना गाडीतूनच दिसल्या, त्यांनी मान फिरवली. गोळ्यांची बाटली डॉ.नीच ठेवून घेतली. "इनके लिए अब ये ज़हर है।"
हे दुकानदाराशी भांडून आले. तो म्हणाला, सारं गाव नेतं, तुमच्याच घरी काय झालं?

५ ऑगस्ट
दुखणं परत. पहिल्यापेक्षा वाईट, की आठवण ताजी आहे म्हणून तसं वाटतं? गरम कोंड्याची पोटली करून शेकते. थोडा वेळ बरं वाटतं. बाईंना लोटा उचलत नाही. भासरे घोट घोट पाजतात, माझ्यासमोर. पूर्वी असं कधी नाही.
बाई मला म्हणाल्या, "त्यायले काही बोलू नको. त्यायनं माझं दुखणं पाहून केलं."
म्हटलं, मी कोण बोलणारी.
"तू बोलली होती म्हणे. मोठ्यानं." आणि हसल्या. मग हसताना दुखलं.

१३ ऑगस्ट
भाजी चिरताना ऐकलं. शेजारीण बाईंना सांगत होती, अर्धी पुडी घेतल्यानं काय होते, दुधासंगं घे, मी देतो आणून. बाई बराच वेळ गप्प होत्या. मी विळी थांबवून कान दिला. शेवटी म्हणाल्या, "नको."
पण तो बराच वेळ... तो माझ्या डोक्यातून जात नाही.

२० ऑगस्ट
पोळा झाला की गोंदियाला दाखवायचं. पोटातली जखम भरून आली असेल तर दुसरं काही देता येईल का, पाहू म्हणाले डॉ. नक्की काही नाही. कदाचित कधीच काही नाही.
आज सकाळी बाई फणी घेऊन माझ्यापुढे येऊन बसल्या. पाठ माझ्याकडे. सांगितलं काहीच नाही. त्यांच्या केसांना मी आजवर हात लावला नव्हता. तेल लावलं. केस खूप विरळ झालेत.
वेणी घालताना म्हणाल्या, "दुखण्यानं माणूस मरते काय वं?"
"नाही बाई."
"मंग दुखू दे."
मी पेड घालत राहिले. जरा वेळानं, मान न वळवता, "पण किती दिवस?"