स्पीकरमधला भुंगा

३ जून
स्पीकर पुन्हा गुणगुणतायत. गाणं नाही, काही नाही — नुसती घूं घूं! टेबलाशी बसून कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर सुरू केला की भुंगा हजर. उठताना बंद केला की गप्प. लोकांच्या मुलाखती ऐकून टाइप करायचं माझं काम, त्यात हा!
आतल्या खोलीत आईला विचारलं, त्रास होतो का? "कसला गं?" डोळे गेल्यापासून तिला कशाचीच तक्रार नाही.

५ जून
वायरी बदलल्या. फ्रिज बंद करून पाहिला. दूध नासलं, भुंगा ठणठणीत.

८ जून
रेडिओ दुरुस्तीवाले काका आले. "ताई, एक प्लग या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला. अर्थिंगचं भांडण आहे." दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावले. गप्प! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

९ जून
आईचं काय बिनसलंय? दर दहा मिनिटांनी, "आहेस का गं?" अगं, इथेच आहे!

१३ जून
आज एकोणीस हाकांना ओ दिली. विसाव्या वेळी उत्तर दिलं नाही. भिंत चाचपत आली आणि चौकटीवर आपटली. कपाळाला टेंगूळ. वर मीच ओरडले — "मी काय पळून जाणारे?" लिहितानाही लाज वाटते.

१५ जून
डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं. दादा फोनवर, "तुझ्यानं होणार नाही आता. वृद्धाश्रमात ठेवू." बोलायला त्याचं काय जातं! पण मी थकलेय, हेही खरं.

१८ जून
फॉर्मवर सही केली. रविवारी न्यायचं. आईला सांगितलं. "बरं." मग थोड्या वेळानं, "तिथे तू आलीस की मला कळेल ना गं?"
रडले.

२० जून
बोर्ड जळाला. काम अडलेलं, म्हणून प्लग जुन्या जागी लावले. भुंगा परत! दातओठ खात टाइप करत बसले.
तीन तासांत एकही हाक नाही. घाबरून आत धावले. आई शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती.
"हाक नाही मारलीस?"
"कशाला? तुझा भुंगा वाजतोय की. मध्ये वाजेनासा झाला होता — वाटायचं, मला एकटीला टाकून गेलीस."

२१ जून
फॉर्म फाडला. दादानं फोनवर कारण विचारलं. मी फोन स्पीकरजवळ धरला.