वास नाही म्हणजे नाही

सोमवार, ३ मार्च. सकाळी.
स्वयंपाकघरात घाण वास येतो, असं बायकोचं म्हणणं. गेलो. ओट्याखाली, सिंकपाशी, फ्रिजमागे नाक लावून आलो. वास नाही. तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, मला येतोय ना! ही 'मला येतोय ना' जमात मला मनापासून किळसवाणी वाटते. वास एक तर असतो, नाही तर नसतो. त्यात तुझं-माझं काय?

आणि सांगते कोणाला? डेअरीत दुधाचा एक कॅन माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय आत जात नाही. झाकण काढायचं, तोंड कॅनमध्ये, एक श्वास, 'पास' किंवा 'परत'. बस.

संकल्प: यापुढे घरात वासावर चर्चा बंद.

मंगळवार, ४ मार्च.
मेहुणी आली. दारातच नाकाला रुमाल. मग दोघी बहिणी नाकं मुरडत बसल्या. मी म्हणालो, सत्य हात वर करून ठरत नसतं. मेहुणी म्हणाली, भाऊजी, हात राहू द्या, आधी खिडकी उघडा. खिडकी उघडली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

बुधवार, ५ मार्च.
फ्रिजमागे मेलेला उंदीर निघाला. बायकोने चिमट्यात धरून माझ्यासमोर आणला. उंदीर आहे हे मी ताबडतोब मान्य केलं, मी काही हट्टी नाही. पण उंदीर असणं ही एक गोष्ट आणि वास असणं ही दुसरी. हे नीट समजावून सांगत होतो, तर मध्येच उंदीर घेऊन चालती झाली.

चहा आजही बेचव. पावडरीत भुसा भरतात लेकाचे. गेल्या महिन्यात मला ताप येऊन गेला, तेव्हापासून बाजारातल्या झाडून सगळ्या मालाचा दर्जा घसरलाय. कॉफी, साबण, टूथपेस्ट, सगळं भिकार. शी!

गुरुवार, ६ मार्च.
डेअरीत बोंबाबोंब. कालचं दूध आंबट निघालं. दुकानदारांनी पिशव्या परत पाठवल्या. कॅन मी पास केलेले. माझ्या हाताखालचा चष्मिष सगळ्यांसमोर म्हणाला की त्याला लांबूनच वास आला होता. चोंबडा! मी शांतपणे सांगितलं की वास ही शेवटी ज्याची त्याची अनुभूती असते. एकाला जे आंबट, ते दुसऱ्याला ताजं. साहेबांनी विचारलं, मग तुम्हाला पगार कशाचा देतो आम्ही? विचार करण्याची सवयच नसलेल्या माणसांत नोकरी करतो मी. किळस येते.

ता. क. सोमवारची नोंद वाचली. विसंगती वगैरे काही नाही. घरातल्या वासाला एक न्याय, नोकरीतल्या वासाला दुसरा, इतकंच.

शुक्रवार, ७ मार्च.
उद्या माझी परीक्षा. डोळे बांधून तीन कॅन हुंगायचे. चुकलो तर हुंगायचं काम चष्मिषकडे. साहेबांना म्हणालो, आजच घ्या हवं तर!

घरी सराव केला. साबण, कांदा, व्हिनेगर, बुटाचं पॉलिश. सगळं अचूक ओळखलं. डोळे उघडे होते, पण हुंगतात नाकाने. डोळ्यांचा काय संबंध?

शनिवार, ८ मार्च.
पहिला कॅन: पास म्हणालो. दुसरा: पास. तिसऱ्याला मुद्दाम वेळ घेतला, उरकल्यासारखं दिसू नये. मग म्हणालो, उत्तम! ताजं! घरी न्यावं असं!

पट्टी काढली. तिसऱ्यात मोरी उपसल्याचं पाणी होतं. काळं. चष्मिष बाहेर जाऊन ओकत होता. साहेब ओरडले नाहीत, खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची मला सगळ्यात जास्त किळस आली.

पट्टी फार घट्ट बांधली होती. श्वास कोंडत होता. हे लिहून ठेवलेलं बरं.

मंगळवार, ११ मार्च.
कालपासून क्रेट मोजतो.

सकाळी पेलाभर दूध प्यायलो. बायकोने रिकामा पेला हुंगला आणि तिथेच खाली बसली. तापापासूनच का, असं विचारलं. हो म्हणालो.

निघताना शर्ट तिच्यापुढे धरला. घालू का, विचारलं. तिने हुंगून सरळ बादलीत टाकला. कालचा कसा होता, विचारलं. असाच, म्हणाली. आणि त्याच्या आधीचे?

तिने कपाटातून दुसरा काढून दिला. तो घातला.