पिस्तुलाला लावलेलं कुंकू

परीक्षित,

माझ्या एअर पिस्तुलाचा लेझर आपोआप बिघडला नव्हता, तू बिघडवलास. किती दिवस मी कंपनीच्या सपोर्टशी भांडतेय. बॅटरी बदला म्हणाले, बदलली. स्क्रू आवळा, काच सुक्या कापडाने पुसा, तेही केलं. शेवटी त्यांनी काचेचा जवळून फोटो मागवला आणि आज कळवलं, आत लाल पूड गेली आहे, वॉरंटी मिळणार नाही. कुंकू! आणि मी त्या बिचाऱ्यांवर ओरडत होते.

खंडेनवमीला शस्त्रपूजा केलीस, ठीक. पण स्वतःच्या लॅपटॉपला झाकण बंद करून एक फूल, आणि माझ्या लेझरवर हळदकुंकू, वर पाणी?

तेही सोडून दिलं असतं. पण दुपारी तुझ्या आईंचा फोन आला. "नीना, परीक्षितचा नेम कसा आहे गं आता? पूजेच्या वेळी व्हिडिओ कॉलवर त्याचं पिस्तूल बघून ऊर भरून आला." परीक्षितचा नेम! एकदाच क्लबात आलास, तेव्हा छर्रा भिंतीला मारलास. दर शनिवारी ट्रामने क्रॉयडनला नेमबाजीला जाते ती मी.

मी विषय बदलला. तुझी लाज राखली, पण ही शेवटची.

मी क्लबात चाललेय, लेझरशिवाय. आमटी फ्रिजमध्ये आहे. जेवायच्या आधी आईंना फोन करून सांग की पिस्तूल तुझ्या बायकोचं आहे. सुनेची नेमबाजी त्यांना चालत नसेल तर तसं त्या मला सांगतील. त्यांच्या वतीने तू घाबरू नकोस.

नीना