प्रुनेलाचा काढा

मंगळवार, १४ ऑक्टोबर. बौशर

बायकोनं, मुग्धानं, स्वतःचं गुरुवारचं ऑपरेशन रद्द केलं. मला न विचारता, शाळेच्या मधल्या सुट्टीत हॉस्पिटलला फोन करून. आणि कारण मी.

रिपोर्टमध्ये कॅन्सर स्पष्ट लिहिलाय. पण थायरॉइडची गाठ काढताना आवाज जाऊ शकतो, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. वर्गात शिकवणाऱ्या बाईचा आवाज. ती जेवेनाशी झाली, म्हणून मी अझैब्यातल्या चिनी दुकानातून प्रुनेलाची वाळलेली तपकिरी बोंडं आणली. चीनमध्ये गळ्याच्या गाठींवर देतात म्हणे. कुरणात कुठेही उगवणारी साधी वनस्पती, अपाय काय होणार? रोज काढा, मग माझी बोटं तिच्या गळ्यावर. आठव्या दिवशी म्हणालो, "लहान वाटतेय." नव्हती वाटत. पण त्या दिवशी ती दोन पोळ्या जेवली. मग रोज तेच म्हणत गेलो. ही माया होती की भित्रेपणा?

आज संध्याकाळी कबूल केलं. "खोटं बोललो, मुग्धा. गाठ तेवढीच आहे. कदाचित वाढलीय."

ती हसली. "डॉक्टरांनी पढवून पाठवलं ना? थापा मारायला कधी शिकलास रे?"

"आठव्या दिवशी."

तिनं माझा हात ओढून गळ्यावर ठेवला. "नीट बघ."

बोटांखाली तीच गाठ. टणक. हलतसुद्धा नाही.

"नाही गं. लहान नाही झालेली."

कपातला उरलेला काढा तिनं संपवला. मग मलाच समजावत म्हणाली, "उद्या बघ परत. आज तू घाबरलायस."