गेटवर भेटू म्हणाली होतीस

प्रिय वैशाली,

'प्रिय' लिहिताना माझं मलाच हसू आलं. तू सून म्हणून या घरात होतीस तेव्हा 'अगं', 'ऐकलंस का' आणि 'गॅस बंद केलास का' यापलीकडं मी तुला कधी काही म्हटलं नाही. पण पत्रात असंच लिहायचं असतं म्हणे. तुझ्या लेकीला शाळेत शिकवलंय.

काल संध्याकाळी आम्ही परत आलो. कुठून, ते विचार की! त्या पार्कातून. व्हय, तेच, पुण्याच्या पुढचं, मोठाल्या पाळण्यांचं आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचं. गेलो, बघितलं, भिजलो आणि सगळे धड घरी आलो. माझा जीव असा भांड्यात पडलाय की सकाळपासून शिलाईच्या मशीनवर बसलेय, पण एका टॉवेलची कड सरळ येईना. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि सांगायचं तर तुलाच. महेशला सांगायला जावं तर त्याचे डोळे लगेच भरतात, मग त्यालाच पाणी द्यावं लागतं आणि माझं बोलणं राहतं. म्हणून म्हटलं लिहावं.

आधी तुझ्यावरचा राग सांगते. रागच आहे, दुसरं काही नाही. तू पुण्याच्या दवाखान्यातून फोनवर पोरांशी बोलत होतीस, तेव्हा मी शेजारी मोसंबी सोलत बसले होते. धाकट्या शंभूनं टीव्हीवर जाहिरात बघून पार्कचा हट्ट धरला होता. तू म्हणालीस, "जायचं की! मी बरी झाले की जाऊ. तुम्ही सोलापूरहून या, मी इथून थेट येते. गेटवर भेटू!" अगं बाई, काय गरज होती? डॉक्टरांनी आदल्याच दिवशी तुला आणि महेशला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. नुसतं 'जाऊ' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? गेट कशाला सांगितलंस? शंभूचं ठीक आहे, त्याला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पण आर्या? ती तुझी लेक. ती विसरती होय!

तू गेलीस त्या दिवशी तुझा भाऊ दोन्ही पोरांना करकंबला घेऊन गेला. आपल्यात असंच करतात, लहान पोरांनी बघू नये म्हणून. ती परत आली तोवर सगळं आवरलं होतं. आर्याला मांडीवर घेऊन मी सांगितलं, "आई देवाघरी गेली." ती म्हणाली, "बरं." एवढंच. रडली नाही, काही विचारलं नाही. उठली आणि शंभूच्या बुटाची लेस बांधत बसली. शेजारच्या बायका म्हणाल्या, किती समजूतदार पोर! मलाही तसंच वाटलं. पण पुढं कुणी विचारलं, "आई कुठाय गं तुझी?" की ती सांगायची, "पुण्याला." अगदी सहज, भाजी आणायला गेली म्हणावं तसं.

तुझं वर्षश्राद्ध झालं आणि महेशनं पार्कचा विषय काढला. शंभूनं घर डोक्यावर घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं, तर निघायच्या आदल्या दिवशी आर्याच्या पोटात दुखायला लागलं. साधंसुधं नाही, पोरगी गुडघे पोटाशी घेऊन लोळत होती. डॉक्टर म्हणाले, काही नाही. नाताळात पुन्हा ठरवलं, पुन्हा तेच. महेश म्हणाला, "राहू दे आई, तिला पाळण्यांची भीती वाटत असंल." पाळण्यांची भीती? आर्याला? गड्ड्याच्या यात्रेत सगळ्यात उंच पाळण्यात बसून खालच्या लोकांना टाटा करणारी पोरगी ती! तेव्हाच माझ्या मनात आलं, हे पोटाचं नाही.

खरं काय ते शंभूकडून कळलं. एका सकाळी त्याला आंघोळ घालत होते. अंगाला साबण लावून घेत तो म्हणतो कसा, "आज्जी, पार्कला न्हाई जायचं आपण. दीदी म्हणती, आपण गेलो आणि गेटवर आई नसली, तर मग आई कुठंच न्हाई."

तांब्या माझ्या हातातच राहिला. तो थंडीनं कुडकुडायला लागला तेव्हा भानावर आले. वैशाली, पोरीनं ते गेट राखून ठेवलं होतं गं! जोवर कुणी जाऊन बघत नाही तोवर तू तिथं उभी आहेस, असा तिचा हिशोब. आणि आम्ही तिला ओव्याचं पाणी पाजत होतो.

मग मला काही सुचेना. जायचंच नाही म्हणावं, तर ही मोठी होऊन लग्नाला उभी राहिली तरी 'आई पुण्याला' म्हणेल. न्यावं, तर तिथं गेटवर तिचं काय होईल? अंथरुणाला खिळली तर? बोलायचीच बंद झाली तर? महेशला सांगितलं तर तो म्हणाला, "नको आई. मला नाही बघवणार."

"तुला बघवत नाही म्हणून पोरीनं किती दिवस पोट धरून बसायचं रे?" मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं. माझं तोंड तुला माहीत आहे.

शेवटी मी सरळ आर्यालाच विचारलं. ती अभ्यास करत होती. म्हटलं, "पार्कला तू म्हणशील तेव्हाच जायचं. आणि गेटवर तुला पाहिजे तेवढं थांबायचं. बाकीचे जाऊ देत आत, मी थांबते तुझ्यासंगं."

तिनं मान वर केली नाही. "कितीही वेळ?"

"कितीही. पार्क बंद होऊ दे."

ती परत वहीत लिहायला लागली. पण पुढच्या आठवड्यात जेवताना एकदम म्हणाली, "आज्जी, या शनिवारी जायचं का?"

मग काय, घरात नुसती धांदल! महेशनं फोनवर तिकिटं काढली. तिथं म्हणे ठरावीक उंचीच्या खालच्या पोरांना मोठ्या पाळण्यात घेत नाहीत, म्हणून शंभू रोज भिंतीला टाच लावून उभा राहायचा आणि "वाढलो का?" विचारायचा. पाण्यात साधे कपडे चालत नाहीत, खास कपडे लागतात, ते घ्यायला नव्या पेठेत गेलो. दुकानदारानं मलाही विचारलं, "आज्जी, तुमच्यासाठी दाखवू का?" त्याच्याकडं असं बघितलं मी की गप घडी घालायला लागला. आणि टॉवेल! टॉवेलवाल्यांचं घर आपलं, कमी कसे नेऊ? महेश म्हणाला, "आई, पोहायला चाललोय का विकायला?" तू असतीस तर तूही त्याच्याच बाजूनं बोलली असतीस, माहीत आहे मला.

मी आजवर घराबाहेर पडले ती देवाला. अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर. तुला तर ठाऊकच आहे. त्यामुळं मी या पार्कलाही तशीच निघाले. पहाटे डोक्यावरून आंघोळ, कडक भाकरी, शेंगाचटणी. पुण्यात एका लॉजवर दोन रात्रींचा मुक्काम ठेवला आणि शनिवारी सकाळी पार्कला पोहोचलो. पुढं लोखंडी पाइपांची वळणावळणाची रांग, माणसं उभी, पुढं कमान. माझा हात आपोआप पायाकडं गेला. चपला काढल्या, भिंतीकडेच्या झुडपाखाली ठेवल्या आणि दोन्ही पोरांना धरून रांगेत उभी राहिले. कुणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्याही नाही.

बॅग तपासणारा पोरगा म्हणाला, "बाहेरचं खायचं चालत नाही." मी म्हटलं, "बाहेरचं कुठंय? घरचं हाय की!" तो हसला, पण डबा ठेवून घेतला. तेवढ्यात माझ्या हातातला आर्याचा हात घट्ट झाला. गेट आलं होतं.

"आज्जी, थांबायचं."

आम्ही रांगेतून बाजूला झालो आणि भिंतीच्या सावलीत कट्ट्यावर बसलो. महेशला मी खूण केली, तू जा शंभूला घेऊन. पण तो गेला नाही. शंभूला खांद्यावर घेऊन लांब, पाठ करून उभा राहिला. आर्या बघत होती. येणाऱ्या प्रत्येक बाईकडं बघत होती. बसमधून उतरणाऱ्या, रिक्षातून उतरणाऱ्या, पंजाबी ड्रेसवाल्या, केस मोकळे सोडलेल्या. आणि खोटं कशाला सांगू, वैशाली, मीही बघत होते. एवढी म्हातारी मी, माझ्या हातानं तुला शेवटचं कुंकू लावलेलं, तरी बघत होते. एकजण लांबून तुझ्यासारखी चालत आली तर मी कट्ट्यावरून अर्धी उठलेच. जवळ आली, दुसरीच कुणीतरी होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. रांग सगळी आत गेली. गेटवर फक्त तो तपासणारा पोरगा उरला. मग आर्यानं विचारलं, "आज्जी, आई येणार नाही ना?"

वाटेत गाडीत मी किती काय काय ठरवून ठेवलं होतं! चांदणी झाली सांगावं, वरून बघती सांगावं. त्यातलं एकही तोंडी आलं नाही. म्हटलं, "नाही बाळा. आई वारली. ती आता कुठंच येणार नाही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "तिला यायचं होतं का?"

"लई यायचं होतं," मी म्हटलं. "लई म्हणजे लई. म्हणून तर म्हणाली."

आणि मग फुटली गं पोरगी! इतक्या दिवसांचं सगळं एकदम. माझ्या पदरात तोंड खुपसून असा हंबरडा फोडला की तो गेटवरचा पोरगा पाणी घेऊन पळत आला. महेश आला, शंभू आला. शंभूला काही कळलं नाही, पण दीदी रडती म्हणून त्यानंही सूर लावला. सगळे रडत होतो. बघणाऱ्याला वाटलं असेल, तिकिटं हरवली बिचाऱ्यांची! पण तुला सांगते, त्या रडण्यानं मला जेवढं बरं वाटलं, तेवढं कशानंच वाटलं नव्हतं. पोर रडली, वैशाली. शेवटी रडली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

आणि तेव्हाच मला तुझंही कळलं. तुला माहीत होतं तुला जमणार नाही. पण 'तिला यायचं होतं का?' या प्रश्नाचं उत्तर तू पोरांजवळ ठेवून गेलीस. ते उत्तर नसतं, तर मी काय सांगितलं असतं? राग गेला म्हणत नाही. पण निम्मा गेला.

रडून झालं. आर्यानं तोंड धुतलं, नाक ओढलं आणि म्हणाली, "चला." मी ऐटीत उठले, सावलीतून बाहेर पाऊल टाकलं आणि आई गं! मार्चचं ऊन, खाली फरशी, आणि मी अनवाणी! कधी हा पाय, कधी तो पाय, गेटसमोर माझा नाच सुरू. तपासणारा पोरगा म्हणतो, "आज्जी, चप्पल घाला, हे देऊळ नाही ओ!" मी म्हटलं, "मग रांग कशाला लावता देवळासारखी?" आर्या आधी माझ्या पायांकडं बघत राहिली, आणि मग अशी हसायला लागली, अशी हसायला लागली की पोट धरून खाली बसली. या खेपेला खरंच हसून पोट दुखत होतं. पळत जाऊन तिनंच झुडपाखालच्या चपला आणल्या आणि मला ओढत आत घेऊन गेली.

आतलं काय सांगू! शंभूची उंची शेवटी भरली नाहीच, त्याला लहान आगगाडीत बसवलं, तो राजासारखा बसला. महेश एका उलट्या-पालट्या पाळण्यात बसला आणि असा ओरडला की आर्यानंच त्याला धीर दिला. मी साडीसकट पाय बुडवून बसले होते, तर पोरांनी मला चिंब केलं. टॉवेल सगळे लागले गं, सगळे! एकसुद्धा जास्त झाला नाही, महेशला सांगितलं मी ते.

आज सकाळची गोष्ट मात्र राहिली. शाळेला निघताना शेजारची सानिया आर्याला विचारत होती, "पार्कला कोण कोण गेलता?" मी दारात वेणीचं रिबिन घेऊन उभी होते.

"मी, शंभू, पप्पा, आज्जी."

"आणि तुझी मम्मी?"

आर्या म्हणाली, "आई वारलीय माझी. ऐक की, तिथं एक घसरगुंडी आहे ना, एवढी उंच..." आणि हातवारे करत ती जिन्यानं खाली गेली. रिबिन न बांधताच गेली.

आता तुला एक शब्द देते. या पोरांना मी कुठं येते म्हणाले, तर तिथं त्यांच्या आधी जाऊन उभी राहीन. जिथं जमणार नाही तिथलं नाव काढणार नाही. तुझी सवलत तुला, मला ती नाही. मी धडधाकट आहे.

शाळा सुटायची वेळ झाली. आर्याला सांगितलंय, घ्यायला मीच येणार. उठते.

तुझी सासू,
शकुंतला